गड्डा यात्रेवर डिजिटल चित्रमालिका करतेय : सात काठ्या, पांढरा रंग आणि कुंभारकन्या

काळीरेघ
नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, जुळे सोलापुरात राहते. मुलांच्या मासिकांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रं काढते. दोन वर्षं मनात घोळत होतं ते या दिवाळीनंतर एकदाचं हाती घेतलंय. सिद्धेश्वर यात्रेवर, म्हणजे आपल्या गड्ड्यावर, सात डिजिटल चित्रांची मालिका.

निमित्त माझ्या भाचीचं. ती पुण्याची, आठ वर्षांची. मागच्या संक्रांतीला आली होती. अक्षता पडल्या, आम्ही घरी आलो, आणि रात्री झोपताना तिने विचारलं, "मावशी, काठीचं लग्न नक्की कुणाशी झालं?" मी गोष्ट सांगितली, पण दाखवायला एक चित्र सापडेना. फोटो ढिगाने आहेत. पाळणे, गर्दी, दारूकाम, ड्रोनवरून काढलेला तलाव, सगळं आहे. पण गोष्ट क्रमाने सांगणारं, मुलाने बोट ठेवून बघावं असं काही मिळालं नाही.

डोक्यात क्रम असा आहे : काठ्यांचा रात्रीचा सराव, ६८ लिंगांचा तैलाभिषेक, अक्षता, होम, वासराची भाकणूक (वासरावरून सांगतात ते भविष्य), दारूकाम, आणि यात्रेचा शेवट म्हणजे कप्पडकळी. आयपॅडवर प्रोक्रिएटमध्ये काम करते. अक्षता सोहळ्याचा कच्चा आराखडा खाली जोडलाय. ए-३ उभं पान, मधोमध पाच काठ्या, खाली बाराबंदीतली माणसं.

अडतंय ते असं. पांढऱ्या कपड्यांच्या गर्दीत हळदीच्या अक्षता दिसतच नाहीत. काठी पूर्ण दाखवली की माणसं मुंगीएवढी होतात. आणि कुंभारकन्येचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही. तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आहे. जाणत्यांनी मोकळेपणाने सांगावं, चुका दाखवाव्यात.

शेंगाचटणी
फार सुंदर विषय. वाचनखूण साठवली. वाचतोय.

गोदाकाठ
मी नाशिकचा, सोलापूरला कधी आलो नाही. गड्डा म्हणजे काय आणि काठीचं लग्न म्हणजे काय, हे जरा आमच्यासारख्यांसाठी सांगाल का? चित्र बघितलं, पण उंच बांबू घेऊन माणसं कुठे निघालीत ते समजलं नाही.

काळीरेघ
@गोदाकाठ, विचारलंत ते बरं झालं. चित्र बघून समजलं नाही, ही माझ्यासाठी सगळ्यात उपयोगाची प्रतिक्रिया आहे.

सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वरांच्या काळातले. आज जे सोलापूर ते तेव्हाचं सोन्नलगी. त्यांनी इथे तळं खोदवलं आणि गावाभोवती ६८ लिंगं स्थापन केली. त्यांची समाधी तळ्यातल्या मंदिरात आहे, शेजारी भुईकोट किल्ला. एक कुंभाराची मुलगी रोज त्यांच्या दारात सडा घालून रांगोळी काढायची. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. ते विरागी. शेवटी त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, अशी कथा. योगदंडाचं प्रतीक म्हणजे नंदीध्वज. आम्ही घरात त्यांना नुसतं काठ्या म्हणतो. साधारण ३० फूट उंच, अशा सात. संक्रांतीच्या सुमाराला उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून त्या वाजतगाजत निघतात, आधी ६८ लिंगांना तेल घालून येतात, दुसऱ्या दिवशी मंदिराजवळच्या संमती कट्ट्यापाशी लग्न लागतं, त्याच्या पुढच्या दिवशी होम मैदानावर होम. मैदानाचं नावच त्यावरून पडलंय. आणि याच दिवसांत मैदानावर जी जत्रा भरते, पाळणे, भजी, जिलेबी, बांगड्या, भांडी, तो आमचा गड्डा.

गोदाकाठ
आता चित्र वेगळंच दिसायला लागलं. धन्यवाद. म्हणजे ते सगळे वऱ्हाडी आहेत!

बाळीवेसकर
ताई, लई चांगलं काम करलालाव. मी १४ वर्षं काठी पेललोय, आता गुडघ्यामुळं थांबलो. म्हणून चार गोष्टी सांगतो, राग मानू नका.

पहिली, बाराबंदीला गुंड्या नसतात. तुम्ही पुढं ओळीनं गुंड्या काढल्या, तो नेहरू शर्ट झाला. बाराबंदी म्हणजे बंद. कापड एकावर एक येतं आणि बंदानं बांधतात. घरात कुणाची असंल तर खुर्चीवर टाकून बघा, बंदाची गाठ कुठं येती, कापड कुठं फुगतं ते कळंल.

दुसरी, तुमच्या चित्रातला गडी समोर बघतोय. काठी पेलणारा समोर बघत नाही. त्याची नजर वर, शेंड्याला. शेंडा हलला की पाय हलवायचा. रस्ता बघायचं काम पुढच्या-मागच्यांचं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं हात दुखतील. हात नाही, मान दुखली. तीन दिवस उशी घेता आली नाही.

तिसरी, हात. तुम्ही मुठी अशा काढल्यात जसा कुणी झेंडा धरलाय. एवढं वजन मुठीत राहत नाही. ते कंबरेवर येतं, तिथनं टाचंत उतरतं. गुडघे किंचित वाकलेले पाहिजेत. ताठ गुडघ्यानं काठी पेलणारा माणूस दाखवला की आमच्यातल्या कुणालाही बघताक्षणी खोटं वाटंल.

आणि सरावाचं चित्र पहिलं घेतलं हे लई आवडलं. लोकांना अक्षतांचा दिवस दिसतो. त्याआधी रात्रीच्या रात्री काठीला वजन बांधून गल्लीत चालायचं, ते कुणी बघत नाही. एकाच्या हातनं दुसऱ्याच्या हातात काठी जाती तो क्षण काढा जमलं तर. तेवढा वेळ कुणी श्वास घेत नाही.

काळीरेघ
काका, राग कसला! तुमची प्रतिक्रिया मी कागदावर उतरवून टेबलासमोर लावलीय. शेजारच्यांकडून बाराबंदी मागून आणली. सकाळपासून ती खुर्चीवर आहे आणि मी तिची अकरा रेखाटनं केलीत. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड. बंद जिथे शिवलाय तिथे कापडाला कायमची चुणी पडलीय, आणि रोज तिथेच गाठ बसत असल्यामुळे बंदाचं टोक दोऱ्यासारखं पिळवटलंय. ही चुणी मला फोटोवरून कधीच मिळाली नसती.

नजर वर, हे तर पूर्ण चित्रच बदलून टाकणारं आहे. सगळ्या गर्दीची तोंडं वर, आणि पेलणाऱ्याचंही वर. म्हणजे मानेच्या शिरा, हनुवटीखालची सावली, हे चेहऱ्याचं मुख्य काम होणार.

सातवीकाठी
आराखड्यात पाच काठ्या आहेत. काठ्या सात असतात.

काळीरेघ
@सातवीकाठी, हो, माहीत आहे. पानाच्या रुंदीत सात बसवल्या की गिचमिड होत होती म्हणून रचनेसाठी पाच घेतल्या. पुढच्या चित्रांत सात येतीलच.

सातवीकाठी
ताई, तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. पण हे जरा नीट सांगायला पाहिजे.

पहिली काठी देवस्थानची, दुसरी देशमुखांची, तिसरी लिंगायत माळी समाजाची, चौथी आणि पाचवी विश्वब्राह्मणांची, सहावी आणि सातवी आमची, मातंग समाजाची. मिरवणुकीत हा क्रम ठरलेला आहे. तुम्ही जागा कमी पडली म्हणून पाच काढल्या. डावीकडून मोजत आलात आणि जागा संपली. संपली कुठे, तर बरोबर आमच्यापाशी. तुमच्या मनात तसं नव्हतं हे मला मान्य आहे. पण माझ्या मुलाने ते चित्र बघितलं तर तो आपली काठी शोधणार आणि त्याला ती सापडणार नाही.

माझे वडील हलगी वाजवायचे, चुलते काठीला असायचे. लहानपणी शाळेत जे मिळालं नाही ते त्या दिवशी रस्त्यावर मिळायचं. सगळं सोलापूर मान वर करून आमच्या काठीकडे बघायचं. म्हणून आमच्यासाठी सात हा आकडा रचनेचा नाही.

बाळीवेसकर
पटलं. सात म्हणजे सातच. माझ्याही नजरेतनं निसटलं होतं. गुंड्या मोजल्या आणि काठ्या मोजल्या नाहीत, याचं वाईट वाटतंय.

काळीरेघ
@सातवीकाठी, दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं आणि मग आयपॅड मिटवून ठेवला. आज पुन्हा उघडला. माफी मागते. जागा नव्हती असं मी म्हटलं, पण जागा करणं हेच चित्रकाराचं काम असतं.

मी आता आकारच बदलतेय. हिशोब बघा : काठी ३० फूट, माणूस साडेपाच फूट. ए-३ उभं पान ४२ सेंटिमीटर उंच. काठी पूर्ण घेतली की माणूस सात-साडेसात सेंटिमीटरचा होतो, चेहरा जेमतेम एक सेंटिमीटर. त्यात मानेच्या शिरा कुठे दाखवणार? म्हणजे ए-३ हेच चुकीचं होतं. मी सवयीने घेतलं होतं, मासिकाचं काम करून करून हाताला तोच आकार बसलाय. आता एकेका काठीला एक लांब उभी पट्टी द्यायची, १२ इंच रुंद, ३६ इंच उंच. सात पट्ट्या शेजारी लावल्या की अक्षतांचं एकच सलग चित्र तयार होईल, ८४ इंचांचं. प्रत्येक काठीखाली तिची तिची माणसं, १६-१७ सेंटिमीटर उंचीची, चेहरे नीट ओळखू येतील अशी. फोनवर बघताना पट्टी खालून वर सरकवत न्यायची. आधी टाचा, मग गुडघे, बंद, हात, मान, आणि मग कितीतरी वेळ नुसती काठी, हार, बाशिंग, आणि शेवटी शेंडा.

सहावी आणि सातवी पट्टी मी आधी काढणार आहे. तुम्हाला दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही.

सातवीकाठी
चालेल. हलगीवाला विसरू नका. हलगी छातीशी तिरपी असते आणि एका हातातली काडी बारीक, लांब असते.

उन्हाचाकोन
मी लग्नाचे फोटो काढतो, गड्ड्याचे हौसेने. अक्षता दिसत नाहीत याचं कारण रंग नाही, उजेड आहे. पिवळा आणि पांढरा दोन्ही फिके. दोघांवर सारखंच ऊन पडलं तर पिवळा पांढऱ्यात मिसळणारच, हळद कितीही गडद करा.

जानेवारीत सोलापुरात भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही. दक्षिणेला झुकलेला असतो, क्षितिजापासून ५० अंशांच्या आसपास. म्हणजे उत्तरेकडे उभं राहून दक्षिणेकडे बघितलं तर माणसांच्या आपल्याकडच्या अंगावर सावली असते. बाराबंदी तेव्हा पांढरी दिसतच नाही, निळसर राखाडी दिसते. फक्त खांद्यांची आणि फेट्यांची कड चमकते. आणि त्याच वेळी हवेतल्या अक्षतांमधून ऊन आरपार येतं. तुमचा सगळ्यात उजळ रंग अक्षतांसाठी राखून ठेवा, कपड्यांना तो देऊच नका. मी कॅमेऱ्यात नेहमी हेच करतो.

काळीरेघ
@उन्हाचाकोन, करून बघितलं. एका लेयरवर सगळ्या गर्दीवर निळसर करडा मल्टिप्लायने टाकला, खांद्याच्या कडा खोडरबराने उघड्या केल्या, आणि सगळ्यात वरच्या लेयरवर हळदीच्या अक्षता. दहा मिनिटांत जे झालं ते तीन आठवड्यांत झालं नव्हतं. अक्षता पेटल्यासारख्या दिसतात. आई मागे उभी होती. बघून आपोआप म्हणाली, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!"

शेंगाचटणी
अंगावर काटा आला वाचून. "सत्यम् सत्यम्" कानावर आलं की मुठीतल्या अक्षता कधी सुटतात कळत नाही.
एक सूचना : चित्रांना कडेने सोलापुरी चादरीची नक्षी दिली तर? आणि कडक भाकरी, शेंगाचटणी हेही कुठेतरी यावं. जगाला कळू दे.

पूर्वभागातली
@शेंगाचटणी, भावना कळते, पण मी हातमागाच्या घरातली असून सांगते, चादर इथे नको. आमच्या पूर्व भागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथ निघतो. त्याच्यावर कुणी चित्रं काढली तर तिथे माग, सूत, चादर सगळं हक्काने येईल. जे ज्या सणाचं ते तिथे शोभतं. सोलापूर दिसलं पाहिजे म्हणून सगळं सोलापूर एका चौकटीत कोंबलं तर ते पर्यटनाचं पोस्टर होतं.

आता कुंभारकन्येबद्दल. कुणीच हात घालत नाहीये म्हणून मी लिहिते. कथेत पुढे ती होमात उडी घेते. ते दृश्य काढू नका. ज्वाळा, त्यात हात जोडलेली नववधू, मागे तेजोवलय, असलं चित्र मी कॅलेंडरांवर दुसऱ्या कथांचं बघितलंय आणि मला ते बघवत नाही. १९८७ च्या कायद्याने सतीचं उदात्तीकरण हा गुन्हा आहे, ते आहेच. पण कायदा बाजूला ठेवला तरी आठ वर्षांच्या मुलीला तुम्ही ते दाखवणार का?

अक्कलकोटरस्ता
पण अक्का, परंपरेत होम आहे. तो वगळला तर मालिका अर्धी राहील. आमच्या घरी होमाच्या रात्री आजी उपाशी राहायची, कुंभारकन्येसाठी. ती दुःख धरायची. दुःख दाखवणं म्हणजे उदात्तीकरण नव्हे.

बाळीवेसकर
प्रत्यक्ष विधीत काय असतं तेच काढा की. होमात बाजरीची पेंढी असती. तिला शालू नेसवतात, मणी-मंगळसूत्र घालतात. कुंभारकन्येचं प्रतीक म्हणून. माणूस नाही, पेंढी. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या तेच बघत आल्या. त्या रात्री पहिल्या काठीला नागफणी, म्हंजे नागाचा फणा, बांधलेली असती, तिचं वजन वेगळंच. मैदानावर एवढी माणसं आणि त्या क्षणाला आवाज नसतो.

पूर्वभागातली
पेंढी चालेल. पेंढीला चेहरा नसतो, हे बरं आहे. पण मग ती मुलगी मालिकेत कुठेच नाही असं होईल. सगळे तिच्या लग्नाला आले, आणि तीच दिसत नाही.

ती रोज काय करत होती? रांगोळी काढत होती. आजही काठ्यांच्या मार्गावर पहाटेपासून बायका-मुली रस्ताभर रांगोळ्या घालतात, किलोमीटरच्या किलोमीटर. मी स्वतः सहा वर्षं घालतेय. पहाटे डांबर इतकं गार असतं की बोटं सुन्न होतात आणि चिमटीतून रेघ जाड पडायला लागते. मग हात काखेत धरून ऊब द्यायची आणि पुन्हा बसायचं. मिरवणूक येते, हजारो पायांखाली रांगोळी जाते, आणि त्याचं वाईट वाटत नाही. ती त्यासाठीच काढलेली असते.

तिला तिथे दाखवा.

काळीरेघ
मी दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लिहिण्याऐवजी ते काढत बसले होते.

सातही चित्रांत रांगोळी येणार आहे. पहिल्या, सरावाच्या रात्रीच्या चित्रात फक्त ठिपके. तैलाभिषेकाच्या चित्रात ते जोडायला सुरुवात. अक्षतांच्या सात पट्ट्यांत पायांखालून एकच रांगोळी सलग पहिल्यापासून सातव्या काठीपर्यंत जाते. आणि प्रत्येक चित्रात कुठेतरी, गर्दीच्या कडेला, एक हात. बांगड्या, चिमूट, सुटणारी पांढरी रेघ. चेहरा कुठेच नाही. होमाच्या चित्रात बाजरीची पेंढी, शालू, आणि समोर जमिनीवर अर्धी राहिलेली रांगोळी. त्या एका चित्रात हात नाही.

भाची येईल तेव्हा तिला म्हणता येईल, हात शोध. सहा चित्रांत सापडेल. होमाच्या चित्रात का नाही हे तिने विचारलं तर मी तिच्याशी बोलेन.

हे सगळं करताना एक लक्षात आलं. यात्रेची गोष्ट सांगणारी माणसं खूप आहेत, पण या गोष्टीत चित्र काढणारी एकच व्यक्ती आहे आणि ती ही मुलगी. मी माझ्या रेषेचा ब्रशही बदलला. आधी एकसारखी गुळगुळीत शाईची रेघ होती. आता रांगोळीसारखी कडेला भुरभुरणारी, दाब दिला की जाड होणारी रेघ बनवली. भुरभुर खरी यावी म्हणून गच्चीवर खरीखुरी रांगोळी घालून, जवळून फोटो काढून, त्याचाच ब्रशचा दाणा केला.

पूर्वभागातली
वाचून डोळे भरले. गार डांबराची रेघ जाड पडते ते विसरू नका.

काळीरेघ
अक्का, तेच करतेय. पहाटेच्या रेघा जाड, ऊन चढल्यावरच्या बारीक.

अक्कलकोटरस्ता
आता पूर्ण पटलं. शब्दांबद्दल थोडं लिहितो, कारण चित्रांखाली नावं येतील आणि ती चुकलेली फार दिसतात. यण्णीमज्जन हे कन्नड, एण्णे म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. म्हणजे तैलाभिषेकच. कप्पडकळी, यात कप्पड म्हणजे वस्त्र. बाळीवेशीतल्या मल्लिकार्जुन मंदिरात काठ्यांची वस्त्रं उतरवतात, तिथे यात्रा संपते. ही नावं मराठीत भाषांतर करून लिहू नका, तशीच ठेवा. सिद्धरामेश्वरांनी वचनं कन्नडमध्ये लिहिली, 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या नाममुद्रेने. सोलापुरात ही दोन भाषांची सरमिसळ घराघरात आहे, चित्रांतही राहू द्या.

आणि एक विचार करा. लहानपणी सिद्धराम रानात असताना मल्लय्या, म्हणजे देव मल्लिकार्जुन, त्याच्याकडे आले, हुरडा खाल्ला आणि दहीभात मागितला. पोरगा धावत घरी जाऊन दहीभात घेऊन आला तर मल्लय्या नाहीत. तो त्यांना शोधत थेट श्रीशैलला गेला. संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडे ज्वारीला हुरडा असतोच. एखादं चित्र त्याचं झालं तर मुलांना फार आवडेल.

काळीरेघ
@अक्कलकोटरस्ता, ही गोष्ट मला कुठेतरी हवीच आहे. आठवं चित्र करणार नाही, पण वासराच्या भाकणुकीच्या चित्रात जी वैरण-धान्य पुढे ठेवलेली असते, तिच्या बाजूला एका लहान मुलाच्या हातात हुरड्याचं कणीस देते. ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला ते दिसेल.

दारूकामाचं चित्र मात्र मी छोटं ठेवणार आहे. आकाशातल्या फटाक्यांपेक्षा खाली वर बघणारे चेहरे, एवढंच.

शेंगाचटणी
एवढे दिवस घालवण्यापेक्षा हल्ली लिहून दिलं की चित्र तयार करून देणारी साधनं आहेत. ती वापरून नंतर दुरुस्त्या केल्या तर वेळ वाचणार नाही का?

काळीरेघ
कुतूहलापोटी एकदा करून पाहिलं होतं. काठ्यांऐवजी तिकोनी झेंडे आले, फेटे राजस्थानी आले, आणि बाराबंदीला पुन्हा गुंड्या. बाळीवेसकर काकांनी जे मानेबद्दल सांगितलं ते त्यात कुठून येणार? वेळ वाचवायचा नाहीये मला.

छापखाना
मी छपाईत २० वर्षं आहे. प्रदर्शनासाठी छापणार असाल तर आत्ताच ऐका, नंतर रडू येतं.

१२ बाय ३६ इंच, ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल. आयपॅडवर एवढ्या मोठ्या फाईलला लेयर फार थोडे मिळतात. लॅपटॉप असेल तर मोठं काम क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरवर न्या, ते मोफत आहे आणि त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग (सी निळा, एम किरमिजी, वाय पिवळा, के काळा), चालतात. स्क्रीनवर दिसणारा झगझगीत गुलाबी आणि पोपटी कागदावर येत नाही, म्हणून हिरव्या शालूचा रंग आधी छापून बघा, मग ठरवा. रात्रीच्या चित्रात नुसता के १०० काळा देऊ नका, मोठ्या जागेत तो धुरकट करडा दिसतो. त्यात सी ६०, एम ४०, वाय ४० मिसळा, मग खोल काळा मिळेल. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर जास्तीचं चित्र सोडा. आणि सात पट्ट्या जोडणार असाल तर रांगोळीची रेघ जोडावर नेमकी जुळली पाहिजे, म्हणून सातही एकाच दिवशी, एकाच कागदाच्या गठ्ठ्यावर छापून घ्या. कागद बदलला की पांढरा बदलतो. तुमचं तर सगळं पांढऱ्यावरच आहे.

काळीरेघ
@छापखाना, तुम्ही माझे निदान दहा हजार रुपये वाचवले. क्रिटावर हलवतेय.

एक जुनी जखमही विचारते. मागच्या वर्षी माझं नंदीध्वजाचं एक चित्र एका मंडळाने न विचारता फलकावर छापलं. खालची माझी सही कापून तिथे स्वतःच्या अध्यक्षांचा फोटो लावला होता. विचारायला गेले तर म्हणाले, "देवाचंच आहे की." यावेळी काय काळजी घ्यावी?

छापखाना
नेटवर टाकताना लांबट बाजू १०८० पिक्सेलच्या वर जाऊ देऊ नका, तेवढ्यावर फलक छापता येत नाही. सही कोपऱ्यात न करता चित्राच्या आत करा, कापली तर चित्र बिघडेल अशा ठिकाणी. मूळ लेयरच्या फाईली तारखेसकट जपा, उद्या वाद झाला तर तोच पुरावा. आणि कुणी नीट विचारलं तर काय घेऊन, किती दिवसांसाठी द्यायचं, हे आधी लिहून ठेवा.

सातवीकाठी
ताईंनी सहावी आणि सातवी पट्टी पाठवली होती. वडिलांना दाखवली. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून टीव्हीला जोडून मोठी केली. ते बराच वेळ हलगीवाल्याकडे बघत होते. म्हणाले, अंगठा जरा वर पाहिजे. बाकी काही बोलले नाहीत. नंतर उठून जवळ जाऊन पडद्यावर बोटाने काठ्या मोजल्या.

काळीरेघ
दादा, अंगठा आज रात्री दुरुस्त करते. त्यांना माझा नमस्कार सांगा.

सद्यस्थिती सगळ्यांसाठी : अक्षतांच्या सातपैकी चार पट्ट्या पूर्ण, तीन अर्ध्या. होमाचं चित्र रंगवून झालंय, पण पेंढीवरच्या शालूची निरी मनासारखी पडत नाहीये. आईची पैठणी खऱ्या पेंढीला नेसवून बघणार आहे. शेळगीच्या पुढे एका शेतकऱ्याने बाजरीची पेंढी देतो म्हणून सांगितलंय. वासरू राहिलंय. बाळीवेसकर काका, भाकणुकीच्या वेळी वासरू कुणीकडून आणतात, आणि त्याच्या गळ्यात दोरी असते की दावं, एवढं सांगाल का?

बाळीवेसकर
रविवारी सकाळी घरी या, ताई. तोंडानं सांगून कळायचं नाही. माझ्या भावाकडं कालवड आहे, तिला उभी करून दाखवतो. वही घेऊन या, आयपॅड बघितला की ती बुजंल.